टेकडीवर कोणीतरी मोजतंय

डावा हात खांद्याइतका वर करायचा, दोन बोटं उभी धरायची आणि मग त्यातलं एक सावकाश मुडपायचं. तोंडातून शब्द नाही. टेकडीच्या पायथ्याशी ट्रक थांबला, इंजिन बंद झालं, की म्हाताऱ्याची ही खूण ठरलेली.

पहिल्यांदा त्यानं ती केली तेव्हा मी, आपल्याकडे शाळेत दोन बोटं वर करण्याचा जो अर्थ होतो तोच घेतला आणि अदबीनं पाठ फिरवून उभा राहिलो. बराच वेळ झाला तरी मागे काही हालचाल नाही. वळून पाहिलं तर तो तसाच बोटं वर धरून उभा, आणि नजर अशी, की ह्या माणसाला डॉक्टर केलं कोणी!

खुणेचा खरा अर्थ असा होता: दोघं वर जाणार, एकच खाली येणार. हे वाचून तुम्हाला जरा कसंसंच वाटलं असेल, तर मलाही तसंच वाटलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विदर्भातल्या एका कॉलेजातून जनावरांचा डॉक्टर होऊन, इथे कॅलिफोर्नियात येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा देऊन, मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. राहायला फ्रीमाँटला. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत चार मराठी बिऱ्हाडं होती. सकाळी बाकीचे तिघं टाय लावून फ्रीवेनं दक्षिणेला, कॉम्प्युटरच्या कंपन्यांकडे जायचे आणि मी एकटा रबरी बूट घालून उलट्या दिशेला, मेंढ्यांकडे. गणपतीच्या आरतीनंतर कोणी विचारलं, "तुम्ही कशात आहात?" आणि मी "मेंढ्यांत" म्हटलं, की विचारणारा प्रसादाच्या रांगेकडे वळायचा.

आणि माझं काम जिवंत मेंढ्यांचंही नव्हतं. मेलेलं कोकरू कशानं मेलं ते ठरवायचं. रोगानं, थंडीनं, मोकाट कुत्र्यानं, की कायोटीनं. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोडा थोराड आणि लांडग्याहून लहान असा एक प्राणी. रंग वाळल्या गवताचा, त्यामुळे समोर असला तरी दिसत नाही.

म्हातारा काउंटीचा ट्रॅपर होता, म्हणजे पगारी सापळेवाला. कळपांवर पडणाऱ्या कायोटी पकडायच्या किंवा मारायच्या, हे त्याचं चाळीस वर्षांचं काम. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, त्याला आवडलं नसतं. नावानं हाक मारली तर तो लगेच ओ द्यायचा नाही. आधी हाक कुठून आली ते बघायचा. माझी सात वर्षांची मुलगी मीनल त्याला कोल्हेकाका म्हणायची. मंडळातल्या एका काकूंनी तर, "कोल्हे म्हणजे जळगावचे का हो?" असंही विचारलं होतं.

त्याची माझी ओळख एका मेलेल्या कोकरावरून झाली. लिव्हरमोरच्या पलीकडे, जिथे तेव्हा पवनचक्क्या नुकत्या उभ्या राहू लागल्या होत्या, त्या उघड्याबोडक्या टेकड्यांत मार्था नावाची सत्तरीची विधवा मेंढरं राखून होती. मी तिला मनातल्या मनात मार्थाबाई म्हणायचो. पुढे तोंडावरही म्हणू लागलो, आणि तिनं कधी हरकत घेतली नाही. तर मार्थाबाईच्या कुंपणाशी कोकरू पडलं होतं, मानेवर दातांच्या खुणा होत्या, आणि मी फॉर्मवर 'कायोटी' लिहायला पेन काढलं होतं. कुंपणाला टेकून एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. तो म्हणाला,

"कातडीखाली बघितलंस?"

त्याचं इंग्रजी असं होतं की एकेक शब्द खिशातून काढून देतोय. मी इथे मराठीत सांगतोय एवढंच. त्यानं खिशातला चाकू उघडून माझ्या हातात दिला. मी मानेची कातडी सोलली. खालचं मांस स्वच्छ, रक्त साकळलेलं कुठेच नाही.

"जितेपणी दात लागले असते तर खाली काळंनिळं झालं असतं," तो म्हणाला. "हे थंडीनं मेलं. ती नंतर आली आणि जेवून गेली. जेवली म्हणून तिच्यावर खुनाचा आळ घालू नकोस."

हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते. पण त्या सकाळी माझी सगळी विद्या कुंपणावर वाळत पडली. तेव्हापासून मेलेलं जनावर दिसलं की तो माझ्याकडे बघून दोनच शब्द बोलायचा, "आधी की नंतर?" म्हणजे दात मरणाआधी लागले की मरणानंतर. मी कातडी उचलून उत्तर द्यायचो. पुढच्या तीन वर्षांत माझं उत्तर एकदाही चुकलं नाही, हे मी छाती फुगवून सांगतो. एका वेळचं सोडून. ते पुढे येईल.

त्याच्या अंगाला वास नव्हता. ही गोष्ट सांगून खरी वाटणार नाही, पण बंद ट्रकमध्ये तो शेजारी बसला तर शेजारी कोणी बसलंय असं नाकाला कळायचंच नाही. साबण नाही, तंबाखू नाही, घाम नाही. सापळे लावायच्या आधी तीन दिवस तो कांदा खायचा नाही. लोखंडी सापळे तो अक्रोडाच्या सालींत उकळून काळे करायचा आणि झाडाला टांगून ठेवायचा. लावताना जमिनीवर कॅनव्हासचा तुकडा अंथरून त्यावर गुडघे टेकायचा, म्हणजे मातीला माणूस लागायला नको. मी पहिल्यांदा त्याच्या ट्रकमध्ये चढलो तेव्हा त्यानं न बोलता माझ्या बाजूची काच खाली केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुझं स्वयंपाकघर आलंय तुझ्याबरोबर."

हिंगाची फोडणी. सुनंदा, माझी बायको, सकाळी सहाला डब्याची भाजी करायची आणि माझे कपडे त्याच दाराला टांगलेले असायचे. त्या दिवसापासून माझा एक शर्ट आणि एक कोट गॅरेजमध्ये राहू लागला. सुनंदा म्हणाली, "यू मीन, कोल्ह्याला हिंग चालत नाही म्हणून आपण कपडे बाहेर ठेवायचे?" मी हो म्हटलं. त्यावर ती जे म्हणाली ते सोडून देतो.

पण खरा घोटाळा हातमोज्यांचा झाला. एकदा त्याचे कातडी हातमोजे माझ्या गाडीत राहिले. वर्षानुवर्षांचं मेंढीचं तेल, माती आणि कायोटींना भुलवायची कसकसली बाटलीतली घाण त्यात मुरलेली. सुनंदानं ते पाहिले, आणि परक्या माणसाची वस्तू आपल्या घरातून अशी परत जाणं तिच्या जिवाला कसं सोसणार? तिनं ते चांगले दोन पाण्यांत धुतले, वर कपड्यांना मऊपणा आणणारं ते गुलाबाच्या वासाचं निळं पाणी घातलं, बाल्कनीत चिमटे लावून वाळवले आणि घडी करून पिशवीत भरून ठेवले. तो न्यायला आला तेव्हा स्वतः दारात जाऊन दिले. म्हाताऱ्यानं पिशवीत नाक घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"मॅम," तो शेवटी म्हणाला, "ह्यांना आता लग्नालाच न्यावं लागेल."

मग त्यानं ते हातमोजे मार्थाबाईच्या गोठ्यामागे लेंड्यांच्या ढिगात महिनाभर पुरून ठेवले. सुनंदाला हे मी कधी सांगितलं नाही. तो मात्र भेटला की विचारायचा, "मॅम बऱ्या आहेत ना? धुणं चाललंय ना?"

आता ती दोन बोटं.

म्हाताऱ्याचं म्हणणं असं की टेकडीवर पाय ठेवला की मोजणी सुरू होते. ट्रकची काच खाली करून तो हलकेच म्हणायचा, "कोणीतरी मोजतंय." मी चहूकडे बघायचो. पिवळं गवत, ओकची चार झाडं, वरच्या धारेवर नव्या पवनचक्क्यांची फिरती पाती. कुठे काही नाही. पण मग तो तोंडाशी हात धरून हाळी द्यायचा, एक लांब, चढत जाणारी आरोळी, आणि समोरच्या घळीतून उत्तर यायचं. पाच-सहा जनावरं एकदम हसावीत, रडावीत, भांडावीत तसं. भर सकाळी, उन्हात अंगावर काटा यायचा.

"किती असतील?" त्यानं एकदा विचारलं.

"सहा तरी."

"एक आहे. फार तर दोन. एकटी असली की ती चौघींसारखी ओरडते. आपण त्यांना मोजू शकत नाही, डॉक्टर. त्या आपल्याला मोजतात. दोन माणसं वर आली, दोन खाली गेली, की मग त्या बाहेर पडतात. म्हणून दोघांनी जायचं, एकानं बसायचं आणि एकानं दोघांसारखं खाली यायचं. त्यांचीच विद्या त्यांना दाखवायची."

खाली येणारा मी. आणि दोघांसारखं यायचं म्हणजे सबंध उतार मोठमोठ्यानं दोन माणसांच्या गप्पा मारत यायचं, ट्रकचे दोन्ही दरवाजे आपटायचे आणि निघून जायचं. दीड तासानं फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवायचा. आणखी एक नियम होता. खाली येताना मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की मागे कोणीतरी राहिलंय हे कळतं.

हा नियम ऐकून मी जरा थबकलो. माझे काका वारले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. स्मशानातून परत निघताना कोणीतरी माझ्या मानेवर हात ठेवून म्हणालं होतं, मागे बघू नकोस. मी म्हाताऱ्याला ते सांगितलं. "चांगला नियम आहे," तो म्हणाला. "तुमच्या लोकांना शिकार कळते."

"पण बोलू काय? इंग्रजीत एकट्यानं बडबडायला लाज वाटते."

"इंग्रजी नकोच. इंग्रजी त्यांना आता कळतं. तुझ्या भाषेत बोल."

तर असा मी, दोन पदव्या घेतलेला माणूस, कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर एकटा मराठीत बोलत उतरायला लागलो. पहिल्या दिवशी काही सुचेना म्हणून बे एके बेपासून पाढे म्हटले. पण पाढे एकाच माणसाचे वाटतात. मग मी दोन आवाज काढू लागलो. माझा आवाज माझाच. म्हाताऱ्याचा आवाज मी वऱ्हाडीत, आमच्या गावाकडच्या चालीवर, जरा खर्जात काढायचो. मी म्हणायचो, "काय हो, चढ फार आहे नाही?" तो म्हणायचा, "हव ना बाप्पा." मी घरचं सगळं पुराण सांगायचो, मुलीची शाळा, साहेबाचा खवटपणा, आणि त्याच्या वाट्याला "हव", "बरं", "असं काय" एवढंच यायचं.

परत भेटलो की म्हाताऱ्याला सगळं भाषांतर करून हवं असायचं. वर बसून त्याला सूर ऐकू यायचे. शिकार झाली की नाही हे बाजूलाच.

"आज मी काय बोललो?"

"तुम्ही हो म्हणालात."

"आणि?"

"बरं म्हणालात."

तो खट्टू व्हायचा. "इतका गप्प आहे मी? मला जरा जास्त बोलू दे."

खरं म्हणजे तो होताच गप्प. एकटाच एका ट्रेलरमध्ये राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या मराठीत त्याला काय बोलायचं होतं कोण जाणे. मी पुढच्या वेळी एखादं वाक्य वाढवायचो आणि तो ते ऐकून लहान मुलासारखा हसायचा.

ज्या कायोटीसाठी हे सगळं चाललं होतं ती एक होती. तिला तो 'ती' एवढंच म्हणायचा. तिच्या पुढच्या डाव्या पायाला दोन बोटं कमी होती, त्यामुळे ओल्या मातीत तिची पावलं शंभरांत ओळखू यायची. ती बोटं म्हाताऱ्याच्या सापळ्यात राहिली होती. हे त्यानं मला उशिरा सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"सापळा घाईत लावला. उथळ. ती ओढून निघून गेली. दोन बोटं मागे ठेवून." मग म्हणाला, "तीन पायांवर ससा सापडत नाही. कोकरू सापडतं. तिला कोकरांवर आणली मी."

म्हणून तिला त्यानंच संपवायचं होतं, नीट, एका गोळीत. आणि वेळ उरला नव्हता. त्या फेब्रुवारीअखेर तो निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी काउंटी कोणालाच नेमणार नव्हती. कोकरं जन्मायचे दिवस होते. मार्थाबाईची अकरा गेली होती, आणि त्या अकरांत मी कातडी उचलून पाहिली तेव्हा नऊंच्या खाली काळंनिळं होतं. ती थकून म्हणाली होती, "हे असंच चाललं तर मार्चमध्ये मी विकते. मेंढरंही आणि टेकडीही." घरं बांधणाऱ्या एका बिल्डरचा माणूस येऊन बसायचा, तिच्या ओट्यावर, कागद मांडीवर घेऊन. म्हातारा लांबून त्याच्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. त्याच्या एका उथळ सापळ्यावर सबंध टेकडी टांगलेली होती आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

जानेवारीत एक गोष्ट झाली, ती मी सुनंदालाही पुष्कळ वर्षांनी सांगितली. धुक्याची सकाळ होती. खोऱ्याकडून त्या दिवसांत असं धुकं चढतं की आपलेच बूट दिसत नाहीत. मी दोन्ही आवाजांत बोलत उतरत होतो, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबलो तर मागे काहीतरी थांबलं. मी चाललो. मागे हलकी पावलं. चार पावलं टाकली, थांबलो. मागेही थांबलं. वळायचं नाही, वळायचं नाही, असं घोकत मी पुन्हा बोलू लागलो. काय बोललो आठवत नाही, रामरक्षा आणि म्हाताऱ्याचं "हव हव" यांची खिचडी झाली असावी. ट्रकशी पोचून दोन्ही दरवाजे आपटले आणि आरशातही न बघता निघालो.

दीड तासानं म्हातारा मला त्या वाटेनं घेऊन गेला. ओल्या मातीत माझ्या बुटांचे ठसे होते, आणि प्रत्येक ठशावर, बरोबर मधोमध, तिचं पाऊल होतं. दोन बोटं कमी असलेलं. ट्रक उभा होता तिथपर्यंत.

"तिला काय हवं होतं?" मी विचारलं.

म्हातारा उकिडवा बसून एकेक पाऊल निरखत होता. "आवाज दोघांचे आणि पावलं एकाची," तो म्हणाला. "दुसरा कुठे आहे ते बघायला आली होती." मग उठून गुडघे झटकत म्हणाला, "आता तिला माहीत आहे." त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कोणीतरी बऱ्याच वर्षांनी आपली चौकशी केली म्हणजे माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता.

त्यानंतर मला वर जायचं नव्हतं. तसं मी स्पष्ट सांगितलंही. "महिनाभर," तो म्हणाला. "मग मी मोकळा, तू मोकळा, ती मोकळी." मी गेलो.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. बिल्डरचा माणूस सोमवारी सहीला येणार होता. पुन्हा धुकं. चढताना म्हातारा दोनदा थांबला. एकदा ओकच्या खोडाला हात टेकून म्हणाला, "आज हवेला वजन आहे." मी हो म्हटलं. एखादी मेंढी अशी दोनदा थांबली असती तर मी तिच्या छातीला कान लावला असता. माणसाला कसा लावणार, आणि तेही त्याला? आजही हे आठवलं की मला माझाच राग येतो.

तो त्याच्या नेहमीच्या खडकाला पाठ लावून बसला, बंदूक मांडीवर घेतली. पायथ्याशी करायची खूण आज पुन्हा एकदा वर केली. दोन बोटं. एक मुडपलं. मी निघालो.

मी घाईत होतो. भीतीही होती. सबंध उतार मी भाजीचे भाव आणि मीनलच्या दाताचं दुखणं एवढंच बोललो, आणि त्याच्या वाट्याला नुसतं "हव" आलं. तेही दोन-तीनदा. दरवाजे आपटले आणि गेलो. मागे कोणाची पावलं नव्हती. त्या सकाळी ती माझ्यामागे आलीच नाही.

दीड तासात गोळीचा आवाज झाला नाही. फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवला. पुन्हा दोनदा. मग मी वर गेलो, ह्या वेळी अजिबात न बोलता.

तो तसाच बसला होता. टोपी डोक्यावर, डोळे उघडे, समोरच्या उतारावर लावलेले. मी हाक मारली, आणि आधी हाक कुठून आली ते बघायची त्याची सवय आठवून थोडा वेळ वाटही पाहिली. मग हात धरला. हात थंड होता.

त्याच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, दंवानं पांढरं झालेलं गवत एका जागी दबलं होतं. तिथे कोणीतरी बसून गेलं होतं, आणि थोडाथोडका वेळ नव्हे. मी दबल्या गवतावर तळहात ठेवला, ते ओलं होतं पण गार नव्हतं. बाजूच्या मातीत तिची पावलं होती, सरळ चालत आलेली आणि सरळ चालत गेलेली. कुठेही दबकणं नाही, पळणं नाही. म्हाताऱ्याला तिनं स्पर्शही केला नव्हता. बंदुकीचा खटका पुढे सरकवलेला होता, म्हणजे बंदूक झाडायला तयार होती, पण गोळी आतच होती.

आधी की नंतर? ती आली तेव्हा तो होता का? त्यानं तिला पाहिलं, खटका सरकवला आणि बोट आवरलं? की खटका सरकवून वाट बघता बघताच तो गेला, आणि ती मोजणी पुरी करायला येऊन बसली? मी आयुष्यभर ह्याच एका प्रश्नाचं उत्तर द्यायचा पगार घेतला. इथे उचलून बघायला कातडी नव्हती.

त्या हंगामात मार्थाबाईचं आणखी एकही कोकरू गेलं नाही. का, ते मला विचारू नका. सोमवारी तिनं बिल्डरच्या माणसाला ओट्यावर चढू दिलं नाही, आणि पुढची नऊ वर्षं ती त्या टेकडीवर मेंढरं राखून होती. तिच्यानंतर तिथे घरं झाली. मी एकदा मुद्दाम गाडी घेऊन गेलो होतो, रस्ते वळणावळणाचे आहेत आणि प्रत्येक दारापुढे हिरवळ आहे. मीनल आता तिच्या मुलांना कोल्हेकाकांची गोष्ट इंग्रजीत सांगते. हातमोज्यांपाशी थांबते, पुढची तिला मी सांगितलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारचं. मी मार्थाबाईच्या घरून फोन केला, आणि दुपारी शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलिसांची, माणसं धारेवरच्या रस्त्यानं जीप घेऊन आली आणि त्याला पलीकडच्या बाजूनं घेऊन गेली. मार्थाबाई त्याची टोपी हातात धरून जीपमध्ये बसली. ट्रक अलीकडे पायथ्याशी होता, म्हणून मी एकटा उतरायला निघालो. धुकं अर्धवट वर गेलं होतं. पवनचक्क्यांची पाती दिसत नव्हती, नुसता त्यांचा घरघराट येत होता.

दहा पावलं गेलो आणि मला ते जाणवलं. कोणीतरी मोजत होतं.

सकाळी दोघं वर आले होते. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणालो, "चला, निघायचं ना?"

मग खर्जात म्हणालो, "निंगू ना बाप्पा. पण आज मी बोलतो, तू आयक."

आणि तो बोलू लागला. ट्रेलरमधल्या एकट्या संध्याकाळींबद्दल बोलला, गेलेल्या बायकोबद्दल बोलला, तिचं नाव मला कधी कळलं नव्हतं म्हणून नुसतं 'ती बिचारी' म्हणाला. माझ्या बायकोनं धुतलेल्या हातमोज्यांना अजून गुलाबाचा वास येतो म्हणाला. उथळ सापळ्याचं सांगताना त्याचा आवाज कापला, तो माझाही असेल. मी विचारलं, "आधी की नंतर?" तो म्हणाला, "आधी बी नाई अन् नंतर बी नाई. आमी दोघं बसलो होतो नुसते. मस्त धुकं होतं."

मागून पावलं येत होती का, मला माहीत नाही. मी वळून बघितलं नाही. पायथा येईपर्यंत मी त्याला पुष्कळ बोलू दिलं, आणि ट्रकशी पोचल्यावर आधी त्याच्या बाजूचा दरवाजा उघडला, तो बसेल इतका वेळ थांबलो, आणि मग आपटला.